दुसऱ्या गाठीचे भय



ग्रंथालयाच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मला आले तेव्हा, जिने आयुष्याची एकतीस वर्षे जुन्या दप्तरांतील मोडी कागद वाचण्यात आणि त्यांच्या याद्या करण्यात घालविली, तिने त्या कागदांविषयीच चार गोष्टी सांगाव्यात, अशी चालकांची अपेक्षा होती. मीही तसा होकार देऊन चुकले होते, आणि इनामांच्या चौकशीच्या रुमालांतून काही कैफियती निवडून त्यांच्या नकला करण्यास आरंभही केला होता. मध्यंतरी, फाल्गुनाच्या अखेरीस, माझ्या हाती एक निराळाच कागद आला. त्यानंतर जुन्या कैफियती समोर घेऊन बसले म्हणजे ओळी डोळ्यांखालून जात, परंतु अर्थ लागत नसे; आणि ज्या गोष्टीने मनाचा सारा अवकाश व्यापला आहे ती बाजूस सारून भलत्याच गोष्टीवर तासभर बोलणे ही श्रोत्यांशी, आणि ज्यांच्या स्मरणार्थ ही माला गुंफली जाते त्या आमच्या बाईंशी, प्रतारणा होईल असे मला वाटू लागले. मी विषय बदलण्याची विनंती केली व चालकांनी ती मान्य केली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तो कागद म्हणजे माझ्या उजव्या स्तनाच्या मॅमोग्राफीचा अहवाल. अकरा वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. तो स्तन काढावा लागला, पुढे केमोथेरपी झाली, मग पाच वर्षे टॅमॉक्सिफेनची गोळी झाली, आणि दर फाल्गुनात उरलेल्या बाजूचे चित्र काढण्याची वहिवाट पडली. दहा वर्षे अहवालाच्या अखेरीस तोच तो शेरा येत गेला. या वर्षी शेऱ्यातील आकडा बदलला. ही चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञांनी आपल्या निष्कर्षांसाठी शून्यापासून सहापर्यंतची एक श्रेणी ठरविली आहे, तिला बायरॅड्स म्हणतात; माझ्या कागदावर त्या श्रेणीतील तीनचा आकडा होता. तीन याचा अर्थ असा की, चित्रात काहीतरी दिसते आहे, ते बहुधा निरुपद्रवी आहे, ते कर्करोग ठरण्याचा संभव सामान्यतः दोन टक्क्यांहून अधिक नसतो, म्हणून आज सुई घालून तुकडा काढण्याचे कारण नाही, परंतु सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढून पाहावे. त्या सहा महिन्यांपैकी पाच आज उलटले आहेत. पुढच्या महिन्याच्या २२ तारखेस माझी तपासणी आहे.

मी शब्द वाचणारी बाई आहे, तेव्हा त्या अहवालातील 'बहुधा' या एका शब्दाशी मी किती रात्री काढल्या हे मी आपणांस सांगितले तर ते अतिशयोक्त वाटू नये. जुन्या सनदेत 'बहुधा' हा शब्द नसतो. 'लेकराचे लेकरी अनुभवीत जाणे' अशा धर्तीचा मजकूर असतो, चतुःसीमा असतात, शिक्का असतो आणि मोर्तब असते. देणाऱ्याचे राज्य पुढे टिकले की नाही ही गोष्ट निराळी, पण कागदापुरता त्यात संशयाला थारा नसतो. आधुनिक वैद्यकाचा कागद याहून प्रामाणिक असतो, आणि त्या प्रामाणिकपणाची किंमत रोग्याला भरावी लागते. शंभरांतील अठ्ठ्याण्णव जणींना काही होत नाही, हे मला समजते, मान्य आहे, आणि दुसऱ्या कोणी विचारले तर मी तेच पटवून सांगेन; परंतु पहाटे तीन वाजता जाग आली म्हणजे मन त्या अठ्ठ्याण्णवांच्या घोळक्यातून निघून त्या दोघींच्या शेजारी जाऊन उभे राहते. त्याला कारण आहे. अकरा वर्षांपूर्वी ज्या थोड्यांच्या यादीत आपले नाव निघणे असंभाव्य वाटत होते, तिच्यात ते निघाले होते. संभाव्यतेच्या गणितावरचा माणसाचा विश्वास एकदा मोडला की तो हिशेब दाखवून पूर्ववत होत नाही.

या भयाचे स्वरूप पहिल्या भयाहून अगदी वेगळे आहे, आणि ते वेगळे आहे हे न ओळखल्यामुळे रोग्याचे आप्तेष्ट, आणि कधीकधी त्याचे डॉक्टरही, चुकीचे औषध देतात. पहिल्या वेळी मला काहीच ठाऊक नव्हते. काय होणार ते ठाऊक नसल्यामुळे माणूस घाबरतो, आणि एकेक गोष्ट कळत गेली की ते भय थोडेथोडे उतरतेही. आता मला सारे ठाऊक आहे. तिसऱ्या दिवसानंतर तोंडाला येणारी धातूची चव, सुया टोचून टोचून दोरीसारखी कडक झालेली हाताची शीर, उशीवर सकाळी सापडणारे केस, भेटायला आलेल्या माणसाने खुर्ची किंचित दूर सरकवून घेणे, हे सर्व मला माहीत आहे, आणि हे माहीत असलेल्या माणसाला 'काही होत नाही हो, धीर धरा' असे म्हणणे म्हणजे घाट चढून आलेल्याला घाट चढाचा नसतो असे सांगण्यापैकी आहे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, अशी आपली म्हण आहे. ती आपण फाजील सावधगिरीला नावे ठेवण्यासाठी वापरतो. मला मात्र अलीकडे त्या फुंकून पिणाऱ्याविषयी माया वाटू लागली आहे. त्याचे तोंड खरोखरच पोळले होते, एवढी गोष्ट ती म्हण वापरणारे विसरतात.

आणि हे भय केवळ मनात राहत नाही, ते हातात उतरते. दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीपाशी उभे राहावे आणि आपला डावा हात नकळत उजव्या काखेत जाऊन पोहोचलेला असावा. वर्तमानपत्र वाचता वाचता बोटे पुन्हा तीच जागा चाचपीत असावीत. असे दिवसातून किती वेळा होई याची मोजदाद मी ठेवली नाही. ज्येष्ठात एके दिवशी ती जागा दुखू लागली. ती दुखते म्हणून मी अधिक घाबरले, घाबरले म्हणून अधिक दाबून पाहिली, आणि दोन दिवसांनी आरशात पाहिले तो कातडीखाली निळसर डाग. माझ्या डॉक्टरांनी तो डाग पाहिला, मला खुर्चीवर बसवले, आणि हा डाग तुमच्याच बोटांचा आहे असे हळू आवाजात सांगितले. त्या दिवशी मला प्रथम कळले की या भयाचा काही बंदोबस्त केला पाहिजे. रोगाने इजा करण्याआधी मीच स्वतःला इजा करू लागले होते.

बंदोबस्त करावयाचा तर प्रथम ज्याची भीती वाटते त्याचे नाव नीट माहीत हवे. आपण 'पुन्हा कॅन्सर झाला' या तीन शब्दांत निदान तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो: जुन्याच गाठीचा काही अंश मागे राहून तो त्याच जागी पुन्हा वाढणे ही एक, त्याच गाठीच्या पेशी दूर यकृतात, हाडात वा फुप्फुसात जाऊन तेथे रुजणे ही दुसरी, आणि पहिल्याशी रक्ताचे नाते नसलेला, स्वतंत्र जन्मलेला दुसराच कर्करोग होणे ही तिसरी. या तिन्हींचे उपचार वेगळे, भवितव्य वेगळे, आणि म्हणून त्यांची भीतीही वेगवेगळी असावयास हवी.

हा भेद करण्याची गरज फार जुन्या वैद्यांनाही भासली होती, हे मला सुश्रुतसंहिता चाळताना आढळले तेव्हा आनंद झाला. निदानस्थानाच्या ११व्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन करताना सुश्रुताने दोन खास नावे दिली आहेत. आधीच्या अर्बुदावर जे दुसरे उठते ते अध्यर्बुद; आणि दोन अर्बुदे एकाच वेळी वा एकामागून एक उद्भवली तर ते द्विरर्बुद. ज्याला आपण आज कर्करोग म्हणतो तेच प्रत्येक वेळी अर्बुद असेल असे नाही, परंतु 'पुन्हा झाले' या शब्दांमागे एकाहून अधिक गोष्टी असतात हे त्या निरीक्षकाच्या ध्यानी आले होते. चिकित्सास्थानात तोच ग्रंथ बजावतो की अर्बुद काढताना अवशेष ठेवू नये. मागे राहिलेल्या विस्तवाप्रमाणे तो अवशेष पुन्हा भडकतो व घात करतो. आणि द्विरर्बुद मात्र त्याने असाध्यांत घातले आहे. त्या काळी ते खरेच असले पाहिजे.

पुढे १९३२ साली शील्ड्स वॉरेन आणि ऑलिव्ह गेट्स या दोघा अमेरिकन विकृतितज्ज्ञांनी दुसऱ्या स्वतंत्र कर्करोगाची ओळख पटविण्यासाठी ज्या कसोट्या घातल्या, त्या मला एखाद्या दिवाणी दाव्यातील मुद्द्यांप्रमाणे वाटतात: दोन्ही गाठी निर्विवाद कर्करोगाच्या असल्या पाहिजेत, दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या असल्या पाहिजेत, आणि दुसरी ही पहिलीचीच शाखा असण्याची शक्यता निकालात निघाली पाहिजे. एवढे सिद्ध झाले म्हणजे दुसरी गाठ स्वतंत्र ठरते, आणि स्वतंत्र ठरली म्हणजे तिची सुनावणी नव्याने सुरू होते. रोगी मात्र असे समजतो की जुन्याच खटल्यात आपल्याला आता अखेरची शिक्षा झाली. वेळेवर सापडलेल्या दुसऱ्या गाठीची गणना पहिल्या पायरीपासून होते, तिच्यावर पूर्ण बरे करण्याच्या उद्देशाने उपचार होतात. हे सांगणारा माणूस भेटेपर्यंत कित्येकजण घरीच निरवानिरव करून बसतात. दुसरी गाठ कधीच घातक नसते असे मी म्हणत नाही. ज्यांना ती घेऊन गेली अशी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यादेखत मी खोटा दिलासा विकणार नाही.

दुसरा कर्करोग काहींच्या वाट्याला अधिक का येतो, याचीही काही कारणे आता कळली आहेत. डॅन्ली स्लॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तोंडाच्या कर्करोगाच्या ७८३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे दिसले की गाठीच्या सभोवारची, वरवर धडधाकट दिसणारी त्वचाही सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेली असते, आणि काहींच्या तोंडात एकाहून अधिक स्वतंत्र गाठी असतात. तंबाखूने एक जागा नव्हे तर सारे शेत नासविलेले असते. एक रोप उपटले तरी जमीन तीच राहते. आपल्याकडच्या कितीतरी बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री सकाळ-संध्याकाळ दातांना लावीत आल्या, कारखान्यांतून आणि शेतांवरून तंबाखू-चुन्याची चंची फिरत राहिली, पुढे गुटख्याच्या पुड्या आल्या व २०१२ साली महाराष्ट्र सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली. या साऱ्यांच्या तोंडांना स्लॉटरचे शब्द लागू पडतात. अशा रोग्याचे भय निराधार नाही, आणि त्याला एक कामही देता येते: तंबाखू सोडणे हे बरे झाल्यावरही उशिराचे नसते. स्तनाच्या बाबतीत काही कुटुंबांत दोष वंशपरंपरेने उतरतो. १९९४ व १९९५ साली तो दोष वाहणाऱ्या दोन जनुकांचा छडा लागला, आणि २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की एका स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांपैकी, पहिल्या जनुकात दोष असणाऱ्यांत २० वर्षांत सुमारे ४० टक्क्यांना, तर दुसऱ्यात दोष असणाऱ्यांत सुमारे २६ टक्क्यांना दुसऱ्या बाजूसही कर्करोग झाला. ज्यांच्यात हा दोष नाही त्यांचा धोका याच्या मानाने पुष्कळच कमी असतो. माझी तपासणी झाली. माझ्यात तो दोष निघाला नाही. ज्या बहिणींना तो निघाला आहे त्यांचे भय माझ्यापेक्षा वेगळ्या वजनाचे आहे, आणि त्यांना माझ्या मापाने मोजण्याचा मला अधिकार नाही.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात माझ्यावर उपचार झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्यांच्या पतीच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून उभे राहिलेले ते रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील बाकांवर फेरतपासणीसाठी बसलेली माणसे पाहिली म्हणजे हे भय एकट्याचे नसते हे डोळ्यांना दिसते. बंगालमधून, आसामातून, बिहारमधून दीड-दोन दिवसांचा प्रवास करून आलेली, दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत पथारी टाकलेली कुटुंबे तेथे भेटतात. एकदा माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईने आपल्या मुलाच्या फायलीभोवती जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळून त्याला चारी बाजूंनी गाठी मारल्या होत्या, अगदी आमच्या दप्तरखान्यातल्या रुमालासारख्या. नाव पुकारले जाईपर्यंत ती एकेक गाठ सोडी आणि पुन्हा बांधी. आम्हांला एकमेकींची भाषा येत नव्हती. मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्या हाताच्या सुजेकडे पाहिले, आणि तिने आपली पिशवी उचलून मला टेकायला जागा केली.

घरी मात्र ही बाकावरची समजूत दुर्मीळ असते. घरातील माणसे प्रेमानेच तोंडावर हात ठेवतात: अभद्र बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते, मन चिंती ते वैरीही न चिंती. त्यांनाही भीती वाटत असते आणि त्यांनी ती जेथे पुरून ठेवली आहे तेथे आपण खणू नये अशी त्यांची इच्छा असते. परिणाम असा होतो की एका छताखाली दोघे जण एकाच भयाने जागे असतात आणि दोघेही झोपेचे सोंग घेऊन पडतात. माझ्या यजमानांनी आणि मी अशी तीन वर्षे काढली. त्या तीन वर्षांचे मला आजही वाईट वाटते.

जुन्या पत्रांच्या सवयीने मी या विषयावरचेही एक जुने पत्र शोधले. फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकर्ती ३० सप्टेंबर १८११ रोजी, पॅरिसमध्ये, भूल देण्याची विद्या अवगत होण्याच्या पस्तीस वर्षे आधी, नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे याच्या हातून स्तनाच्या शस्त्रक्रियेला सामोरी गेली. तोंडावर टाकलेल्या झिरझिरीत रुमालातून तिला शस्त्राची चकाकी दिसली, हे तिनेच आपल्या बहिणीला लिहिले आहे. ते पत्र पुरे करावयास तिला कित्येक महिने लागले, आणि लिहून झाल्यावर ते पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही. त्या प्रसंगाविषयी कोणी नुसता प्रश्न विचारला तरी तो सारा पुन्हा भोगावा लागे. पुढे ती १८४० च्या जानेवारीत, ८७ वर्षांची होऊन वारली. तिच्या गाठीचा निवाडा आजच्या कसोटीला कसा उतरला असता हा प्रश्न अभ्यासकांनी काढला आहे, परंतु मला त्यात रस नाही. मला दिसतात ती मधली अठ्ठावीस वर्षे. आपण ती सलग वाचतो, कारण शेवटचे पान आपल्या हाती आहे. तिच्या हाती ते नव्हते, आणि ती सारी वर्षे तिला एकेक दिवस करूनच जगावी लागली. मी आता सुटले, असे तिला कोणत्या दिवशी म्हणता आले असेल?

बरे झालेल्या माणसाची ही अवस्था वैद्यकाने शब्दांत मांडली ती फार उशिरा. फिट्झह्यू मलन हे अमेरिकन डॉक्टर ३२व्या वर्षी स्वतः कर्करोगाने आजारी पडले, आणि १९८५ साली त्यांनी लिहिले की बरे होणे ही एक घटना नसून त्याचे ऋतू असतात: पहिला उपचारांचा, दुसरा उपचार संपल्यावर सुरू होणारा, ज्यावर पुनरागमनाच्या भयाचे राज्य असते, आणि तिसरा स्थैर्याचा. हा मधला ऋतू किती लांबेल हे त्यांनी सांगितले नाही, आणि कोणालाच सांगता येत नाही. ऋतू हा शब्द मला समर्पक वाटतो. पावसाळ्यात छत्री बाळगणाऱ्याला आपण भित्रा म्हणत नाही.

भयाचा फायदा घेणारेही असतात. चार वर्षांपूर्वी एका तपासणीगृहात, ज्याचे नाव मी घेणार नाही, मला अखिल देहाच्या चित्रांचा आणि रक्तातील नाना खुणांचा वार्षिक करारच पुढे करण्यात आला. एकदाची खात्री करून घ्या, म्हणजे निश्चिंत झोप लागेल, असे सांगण्यात आले. मी जवळजवळ सही केली होती. सुदैवाने माझ्या डॉक्टरांनी मला १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील दोन अभ्यासांची हकीकत सांगितली. त्यांपैकी एकात १,३२० स्त्रिया होत्या. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या या स्त्रियांचे दोन गट करून एका गटाची नेमाने हाडांची, यकृताची, छातीची चित्रे काढली गेली, आणि दुसऱ्या गटाची केवळ शारीरिक तपासणी, मॅमोग्राफी व लक्षण दिसेल तरच पुढील चौकशी झाली. आयुर्मानात दोन्ही गटांत अंतर पडले नाही. म्हणजे त्या चित्रांनी आयुष्य वाढत नाही. वाढतात त्या फक्त तारखा, आणि प्रत्येक तारखेच्या आधीच्या रात्री. मॅमोग्राफी चुकवू नये, नवे लक्षण दोन-तीन आठवडे टिकले तर दाखवावे, आणि याहून अधिक मागणाऱ्या भयाला नकार द्यावा, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे.

नकार द्यावा म्हणजे हाकलून द्यावे असे नव्हे. इनामांच्या कागदांत मी आयुष्यभर एक गोष्ट पाहिली. इनाम दिले म्हणजे सारा गाव दिला असे बहुधा होत नसे. अमुक इतकी जमीन, पूर्वेस ओढा, दक्षिणेस वाट, पश्चिमेस अमक्याचे शेत, उत्तरेस गावठाण, अशा चतुःसीमा लिहून ती तोडून देत, आणि पुढे इनामदाराने हद्द ओलांडली की त्याच कागदावर बोट ठेवून त्याला मागे सारीत. ज्येष्ठातल्या त्या निळ्या डागानंतर मी या भयाशी तसाच करार केला. ज्याचा हक्क खरा आहे त्याला जमीन नाकारता येत नाही. पण सारा गाव देण्याचेही कारण नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेस, स्नानाच्या वेळी, शिकविलेल्या पद्धतीने एकदा हाताने तपासणे एवढी त्याची एक सीमा. तपासणीच्या आदली रात्र सबंध त्याची. इतर दिवशी ते आले तर संध्याकाळी दिवेलागणीनंतर अर्धा तास मी त्याच्याजवळ बसते, जे वाटते ते वहीत लिहिते, मग वही मिटते. दिवसा हात काखेकडे गेला की मी त्याला आजची तारीख सांगते. तो नेहमी ऐकतो असे नाही. आषाढात दोनदा हद्द मोडली. परंतु डाग पुन्हा पडला नाही. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञांनी याच भयासाठी उपचारपद्धती रचून २०१७ साली तिची पारख प्रसिद्ध केली, तिच्यातही विचार दडपण्याऐवजी त्याच्याकडे वळणारे लक्ष आवरणे आणि शरीराची पाहणी योग्य तेवढीच ठेवणे हे भाग आहेत, हे मला नंतर समजले; मला ते दप्तरातून मिळाले होते.

आता बाईंविषयी. त्यांच्या शिस्तीविषयी आणि संस्कृतच्या अध्यापनाविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. त्या एका आजारातून उठल्या होत्या हे मात्र या पेठेत थोड्यांनाच ठाऊक होते. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या बाजूस गाठ निघाली होती. मी तेव्हा त्यांच्या समोरच्या घरात राहण्यास आले होते. पहिल्या फेरतपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या, हातात पंच्यात बांधलेले मोड आलेले वाल. "अगं, उद्या तारीख आहे," त्या म्हणाल्या, "आणि हे दोन शेर वाल एकटीनं सोलून व्हायचे नाहीत." मी पातेले घेऊन बसले. कोमट पाण्यातून वाल काढावा, चिमटीत धरून हलके दाबावा, म्हणजे साल बोटांत राहते आणि डाळिंबी ताटात पडते. जोर अधिक झाला तर तिची दोन शकले होतात, ती वेगळी ठेवावयाची. दोन शेर वालांना दोघींना अडीच तास लागले. तेवढ्या वेळात बाईंनी आपल्याला कशाची भीती वाटते ते सारे मला सांगितले, मान वर न करता, ताटाकडे पाहत. मला काही बोलता आले नाही, आणि बोलण्याची अपेक्षाही नव्हती. घरी जाताना त्या म्हणाल्या, "तू धीर दिला नाहीस, बरं केलंस."

ही वहिवाट चौदा वर्षे चालली. चौदाव्या वर्षी त्यांच्या उजव्या बाजूस गाठ निघाली. अहवाल घेऊन त्या दुपारी चारच्या सुमारास आल्या, चहा मागितला, आणि बराच वेळ बशी तशीच हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "चौदा वर्षं मी डाव्या बाजूच्या वणावर पहारा ठेवला. रोज. आणि हे आलं दुसऱ्याच दारानं." त्यांच्या स्वरात राग होता, आणि तो राग त्यांना तीन दिवस पुरला. जेथे त्या डोळ्यांत तेल घालून पाहत होत्या तेथे काही झाले नाही. जे सापडले ते त्यांच्या भयाने नव्हे, तर वर्षाच्या त्या एका साध्या चित्राने सापडले, आणि लहान असतानाच सापडले. त्यांची दुसरी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्या नऊ वर्षे जगल्या, त्यांतील सहा वर्षे याच ग्रंथालयात मुलांना शनिवारी सुभाषिते शिकवीत, आणि चार वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेल्या. त्यांच्या दुसऱ्या गाठीनंतर दोन वर्षांनी मला पहिली झाली. तेव्हापासून वाल भिजत घालण्याच्या रात्री वर्षातून दोन झाल्या, एक त्यांची आणि एक माझी.

बाई गेल्यावर पहिल्या फाल्गुनात मी वाल आणले नाहीत, आणि ती रात्र वाईट गेली. दुसऱ्या वर्षी यजमान बाजारातून स्वतःच कडवे वाल घेऊन आले. त्यांना सोलता येत नव्हते, निम्म्या डाळिंब्यांची शकले झाली. पण त्या रात्री, लग्नानंतर चौतीस वर्षांनी, त्यांनी मला सांगितले की अकरा वर्षांपूर्वीच्या त्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ते रुग्णालयाच्या जिन्यात कोठे बसले होते आणि काय मोजत होते.

२२ तारखेला माझी तपासणी आहे. २१ला संध्याकाळी सोलावयाचे, तर २० च्या सकाळी उपसून पंच्यात बांधावे लागतील, म्हणजे १९ च्या रात्री भिजत घातले पाहिजेत. या वेळी घरी आणखी एक पातेले लागेल, कारण पलीकडच्या वाड्यातील एक तरुण मुलगी, जिचे उपचार याच वैशाखात संपले, तिची पहिली तारीख त्याच आठवड्यात आहे, आणि मी तिला ये म्हटले आहे.